खडकातील वाट मोजणारा अभियंता : हेन्री डार्सी

कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड वातावरणात न सोडता भूगर्भातील खडकांत कायमचा साठवून ठेवावा, या कल्पनेवर गेली तीन दशके जगभर काम सुरू आहे. या कामात यंत्रसामग्रीपेक्षाही कळीचा ठरतो तो खडक. जमिनीखाली हजार-दोन हजार मीटरवर असलेला खडक हा वायू आत घेईल का, किती वेगाने घेईल आणि घेतलेला वायू हजारो वर्षे धरून ठेवील का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एक टनही वायू जमिनीत सोडता येत नाही. ही उत्तरे शोधताना भूवैज्ञानिक ज्या नियमाचा आणि ज्या एककाचा आधार घेतात, त्या दोहोंना एकाच माणसाचे नाव आहे. तो माणूस म्हणजे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच स्थापत्य अभियंता हेन्री डार्सी. कार्बन डायऑक्साइड हा त्यांच्या अभ्यासाचा विषय कधीच नव्हता. आपल्या गावाला स्वच्छ पाणी मिळावे, एवढ्याच ध्यासातून त्यांचे सारे संशोधन उभे राहिले.

हेन्री फिलिबेर गास्पार डार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्सच्या पूर्व भागातील दिजाँ या शहरात झाला. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते. हेन्री चौदा वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले आणि दोन्ही मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आईवर येऊन पडली. घरची आर्थिक स्थिती बेताची असतानाही या माउलीने मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. १८२१ मध्ये हेन्री यांना पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी ते पूल आणि रस्ते बांधणीचे शिक्षण देणाऱ्या सरकारी अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले. तेथील शिक्षण पूर्ण होताच ते सरकारी सेवेत रुजू झाले आणि अल्पावधीतच त्यांची नेमणूक जन्मगावी, दिजाँ येथे झाली. १८२८ मध्ये हेन्रिएट केरी या इंग्रज कुटुंबातील तरुणीशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

त्या काळी दिजाँची पाणीपुरवठ्याच्या बाबतीत मोठी दुर्दशा होती. शहराची सारी भिस्त उथळ विहिरींवर आणि घाणीने भरलेल्या ओढ्यांवर होती. रस्त्यांवरील सांडपाणी मुरून विहिरींत उतरत असे. स्वच्छ पाणी आणण्याच्या योजना पिढ्यान्‌पिढ्या चर्चेत होत्या. परंतु एकही तडीस गेली नव्हती. १८३० च्या सुमारास शहरातील एका चौकात खोल विंधनविहीर खणण्यात आली. भूगर्भातील दाबामुळे पाणी आपोआप वर येईल, अशी नगरवासीयांची अपेक्षा होती. पाणी लागले, वरही चढले. परंतु शहराची तहान भागेल एवढा त्याचा ओघ नव्हता. खडकात पाणी असणे आणि ते पाणी खडकाने पुरेशा वेगाने सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या विहिरीने दिला. तरुण डार्सींनी या विहिरीचा बारकाईने अभ्यास केला. पुढे त्यांच्या हातून जे कार्य झाले, त्याची बीजे या अपयशातही शोधता येतात.

१८३४ मध्ये डार्सींनी नगरपालिकेला आपला अहवाल सादर केला. विंधनविहिरीचा नाद सोडून शहराबाहेरच्या चुनखडकांच्या टेकड्यांतून वाहणारा रोझ्वारचा झरा शहरात आणावा, असे त्यांनी सुचवले. या झऱ्यापासून शहरापर्यंत सुमारे १२.७ किलोमीटर लांबीचा दगडी बांधणीचा भूमिगत कालवा आखण्यात आला. जमिनीचा उतार इतक्या नेमकेपणाने वापरण्यात आला होता, की पाणी चढवण्यासाठी पंपाची गरजच उरली नाही. १८३९ मध्ये काम सुरू झाले आणि ६ सप्टेंबर १८४० रोजी झऱ्याचे पाणी शहरातील टाकीत येऊन पडले. पुढच्या चार वर्षांत नळांचे जाळे शहरभर पसरले. रस्त्यांवर सुमारे शंभर-शंभर मीटर अंतरावर सार्वजनिक नळ बसवण्यात आले आणि गरिबातल्या गरिबालाही विनामूल्य पाणी मिळू लागले. पाणीपुरवठ्याच्या बाबतीत मागासलेले दिजाँ युरोपातील अग्रगण्य शहरांच्या पंक्तीत जाऊन बसले.

या कामाचा मोबदला म्हणून मोठी रक्कम घेण्याचा डार्सींना अधिकार होता. तो त्यांनी नाकारला. नगरपालिकेने दिलेले सुवर्णपदक तेवढे त्यांनी स्वीकारले. पॅरिस-लिऑं लोहमार्ग दिजाँवरून जावा यासाठीही त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली. मार्गात डोंगर आडवा येत होता आणि विरोधकांच्या हाती तेच मोठे निमित्त होते. डार्सींनी ब्लेझी येथे चार किलोमीटरहून लांब बोगद्याची योजना मांडून तो मार्ग शक्य असल्याचे दाखवून दिले. लोहमार्ग दिजाँवरूनच गेला आणि शहराच्या भरभराटीला त्याने मोठा हातभार लावला.

१८४८ च्या राज्यक्रांतीने मात्र त्यांचे आयुष्य ढवळून निघाले. नव्या राजवटीत त्यांना जन्मगाव सोडणे भाग पडले. बूर्ज येथे अल्पकाळ काम केल्यावर त्यांच्याकडे पॅरिस शहरातील पाणीपुरवठा आणि रस्ते यांची जबाबदारी सोपवण्यात आली. पदाने ही बढतीच होती. परंतु ज्या शहरासाठी त्यांनी वीस वर्षे खपून काम केले, त्या शहरापासून झालेली ही ताटातूट होती. पॅरिसमध्ये त्यांनी नळांतून वाहणाऱ्या पाण्यावर प्रयोगांची मोठी मालिका हाती घेतली. नवा गुळगुळीत नळ आणि आतून गंजलेला जुना नळ यांतून एकाच दाबाखाली सारखे पाणी वाहत नाही, नळाच्या आतील पृष्ठभागाचा वाहण्यावर परिणाम होतो, हे त्यांनी मोजमापांनिशी सिद्ध केले. तोवर प्रचलित असलेली सूत्रे हा फरक जमेस धरत नव्हती. पाण्याचा प्रवाह ज्यातून जातो ती वाट कशी आहे हे पाहिल्याशिवाय प्रवाहाचे गणित सुटत नाही, ही दृष्टी येथे स्पष्ट झाली.

दरम्यान त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. अखेर १८५५ मध्ये प्रशासकीय जबाबदारीतून मोकळे होऊन ते दिजाँला परतले. आयुष्याची थोडीच वर्षे हाती आहेत, याची जाणीव असल्याप्रमाणे त्यांनी वर्षानुवर्षे मनात घोळत असलेले प्रयोग हाती घेतले. शहरांना पाणी गाळून देण्यासाठी वाळूचे गाळणथर वापरले जात असत. परंतु अमुक इतके पाणी गाळण्यासाठी किती क्षेत्रफळाचा आणि किती जाडीचा थर हवा, याचा हिशेब कोणीही नियमात बसवलेला नव्हता. अभियंते अंदाजाने आणि अनुभवाने काम भागवत होते.

दिजाँच्या रुग्णालयाच्या आवारात ०.३५ मीटर व्यासाचा एक उभा लोखंडी नळकांडा बसवण्यात आला. त्यात सोन नदीतील वाळू भरण्यात आली. वरून पाणी सोडायचे, वाळूच्या वरच्या आणि खालच्या बाजूंचा दाब पाऱ्याच्या दाबमापकांवर वाचायचा आणि खाली किती वेळात किती पाणी जमा झाले हे मोजायचे, एवढाच हा साधा प्रयोग होता. रुग्णालयातील नळ कोणी उघडला वा बंद केला, की दाब हेलकावे खात असे. तरीही २९ आणि ३० ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १८५५ रोजी डार्सी आणि त्यांचे सहकारी शार्ल रित्तेर यांनी वेगवेगळ्या जाडीच्या थरांवर मोजमापे घेतली. फेब्रुवारी १८५६ मध्ये रित्तेर यांनी प्रयोगांची आणखी एक मालिका पार पाडली.

आकडे समोर मांडल्यावर त्यांतून एक सरळ संबंध पुढे आला. वाळूतून जाणारे पाणी हे थराच्या क्षेत्रफळाच्या आणि दोन्ही टोकांमधील दाबाच्या फरकाच्या समप्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट येते. थराची जाडी दुप्पट केली तर पाणी निम्म्यावर येते. या समीकरणात एक गुणक उरतो आणि तो वाळूगणिक बदलतो. जाड, स्वच्छ वाळूचा गुणक मोठा, बारीक वाळूचा लहान. डार्सींच्या कार्याचे खरे मर्म या गुणकात आहे. सच्छिद्र पदार्थ आपल्यातून द्रवाला किती सहजपणे वाट देतो, हा गुणधर्म त्यांनी एका आकड्यात बांधला. पुढे द्रवाच्या दाटपणाचा भाग वेगळा काढल्यावर जो निव्वळ खडकाचा गुणधर्म उरला, त्याला पार्यता असे नाव मिळाले.

हा नियम डार्सींनी स्वतंत्र निबंध म्हणून गाजावाजा करून मांडला नाही. १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरील सहाशेहून अधिक पानांच्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात तो आला आहे. प्रयोगाचे साहित्य, रीत आणि प्रत्येक मोजमापाचा तक्ता त्यांनी त्यात दिला. कोणत्याही गावच्या अभियंत्याला आपल्या गावी असेच काम उभारता यावे, हा त्या ग्रंथाचा हेतू होता. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील आल्बनी येथे भरलेल्या विज्ञान अधिवेशनात युनिस फूट यांच्या प्रयोगांवरील निबंध वाचला गेला. सूर्यप्रकाशात ठेवलेली कार्बन डायऑक्साइडने भरलेली नळी साध्या हवेच्या नळीपेक्षा अधिक तापते, असे त्यांना आढळले होते. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना एका संकटाची चाहूल आणि त्यावरील एका उपायाचे गणित मांडले गेले आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर डार्सींना फार आयुष्य लाभले नाही. १८५७ मध्ये नळांवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. उघड्या कालव्यांवरील प्रयोगांचे काम अपुरे राहिले. ते पुढे त्यांचे सहकारी आंरी बाझँ यांनी पूर्णत्वास नेले. ३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसच्या मुक्कामात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५४ वर्षांचे होते. त्यांचे पार्थिव दिजाँला आणण्यात आले आणि सारे शहर त्यांना निरोप देण्यासाठी लोटले. ज्या चौकात त्यांनी आणलेले पाणी पहिल्यांदा पोहोचले होते, त्या चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. आजही तो डार्सी चौक म्हणूनच ओळखला जातो.

डार्सींच्या मृत्यूनंतर त्यांच्या नियमाचा प्रवास सुरू झाला. काही वर्षांतच त्यांचे समकालीन अभियंते झ्यूल द्यूपुई यांनी विहिरींच्या गणितासाठी तो वापरला. विसाव्या शतकात खनिज तेलाच्या अभियंत्यांनी तो उचलला. तेलही वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांतूनच विहिरीपर्यंत येत असल्याने खडकाची पार्यता जाणणे त्यांच्यासाठी व्यवसायाचाच भाग होता. १९३३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी पार्यतेच्या एककाला डार्सी हे नाव दिले. लवकरच तेल आणि पाणी, वायू आणि पाणी असे दोन द्रायू एकाच खडकातून एकत्र वाहतात तेव्हा काय घडते, यासाठीही या नियमाचा विस्तार करण्यात आला. कार्बन डायऑक्साइडच्या भूगर्भीय साठवणुकीचे गणित याच विस्तारावर उभे आहे.

या साठवणुकीचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. साधारण ८०० मीटरहून अधिक खोलीवर दाब आणि तापमान एवढे असते, की हा वायू द्रवासारखा घट्ट होतो आणि थोड्या जागेत मावतो. तरीही तो तेथील खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच असतो. साहजिकच तो वर चढू पाहतो. म्हणून दोन प्रकारचे खडक एकावर एक असावे लागतात. खालचा खडक सच्छिद्र आणि भरपूर पार्यतेचा, म्हणजे वायूला सामावून घेणारा. वरचा खडक शेलसारखा, वायूला वाटच न देणारा. वाळूचा सुटा थर एक डार्सी वा त्याहूनही अधिक पार्यतेचा असू शकतो. घट्ट शेलची पार्यता त्याच्या दहा लाखांश भागाहूनही कमी भरू शकते. याखेरीज थरांचा कल कोणता, त्यांना घुमटासारखा उठाव आहे का, प्रस्तरभंग कोठून जातात आणि भेगा बुजलेल्या आहेत की उघड्या, हे सारे पाहावे लागते. डार्सींच्या नळकांड्यातील वाळू वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. निसर्गात तसे नसते आणि खरी कसोटी तेथेच लागते.

तीन प्रकल्पांच्या अनुभवांतून हे स्पष्ट होते. नॉर्वेजवळ उत्तर समुद्रातील स्लाइपनर येथे १९९६ पासून समुद्रतळाखालील उत्सिरा या वाळूच्या थरात वायू सोडण्यात येऊ लागला. सुरुवातीच्या काळात दरवर्षी सुमारे १० लाख टन वायू तेथे जात होता. या थराची पार्यता एक ते तीन डार्सी आहे. त्यामुळे दाब फारसा न वाढता वायू आत पसरला. वाळूमध्ये जेमतेम मीटरभर जाडीचे शेलचे पातळ पापुद्रे होते. भूकंपलहरींच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमांत वायू त्या पापुद्र्यांखाली अडत, पसरत, एकावर एक नऊ थरांत साठलेला दिसला. त्यावरील जाड शेलने त्याला रोखून धरले.

त्याच देशातील स्नोविट येथे २००८ मध्ये काम सुरू झाले. तेथील ट्युबोएन हा वालुकाश्माचा थर वरवर पाहता योग्य होता. परंतु तो प्राचीन नद्यांच्या पात्रांनी बनलेला, तुटक आणि आजूबाजूला अडलेला निघाला. वायूला पसरण्यास जागा अपुरी पडल्याने दाब अपेक्षेपेक्षा वेगाने चढला आणि २०११ मध्ये वायू स्टो या दुसऱ्या थरात वळवावा लागला. नमुन्याचा तुकडा प्रयोगशाळेत चांगला भरला, तरी तो थर दूरवर सलग आहे की नाही हे तो तुकडा सांगत नाही.

अल्जीरियातील इन सलाह येथे २००४ पासून जेमतेम २० मीटर जाडीच्या वालुकाश्मात वायू सोडला गेला. तेथील पार्यता स्लाइपनरच्या शंभरपटीहूनही कमी होती. दाब वाढला आणि वाळवंटाचा पृष्ठभाग वर्षाला काही मिलिमीटर उचलला जात असल्याचे उपग्रहांनी टिपले. दाबामुळे खोलवरच्या भेगा उघडल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. सुमारे ३८ लाख टन वायू साठवल्यानंतर २०११ मध्ये तेथे वायू सोडणे थांबवण्यात आले. वायू पृष्ठभागावर आला नाही. परंतु खडकाची सोसण्याची मर्यादा ओळखूनच वेग ठरवावा लागतो, हे या प्रकल्पाने दाखवून दिले. डार्सींच्या समीकरणाच्या भाषेत सांगायचे, तर पार्यता कमी असताना तेवढाच प्रवाह हवा असेल तर दाब वाढवण्यावाचून गत्यंतर नसते आणि वाढलेल्या दाबाची किंमत शेवटी खडकाला मोजावी लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने बेसॉल्टची कथा अधिक जवळची आहे. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला हा वायू बेसॉल्टमध्ये सोडण्यात आला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूपात, म्हणजे अक्षरशः दगडात रूपांतरित झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. दख्खनच्या पठाराचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा बेसॉल्ट याच कुळातला असल्याने भारतीय संशोधकांनीही या शक्यतेचा अभ्यास केला आहे. परंतु येथेही रचनेचाच प्रश्न पुढे उभा राहतो. लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि भेगाळलेला, तर गाभा घट्ट कातळाचा असतो. म्हणूनच आपल्याकडे एका शेतातील विहिरीला पाणी लागते आणि शेजारची विहीर कोरडी राहते. जो खडक पाण्याच्या बाबतीत इतका लहरी आहे, तो वायूच्या बाबतीत सर्वत्र सारखा वागेल, असे मानता येत नाही. वाळूसाठी सांगितलेला नियम भेगाळलेल्या कातळाला जसाच्या तसा लावता येत नाही. प्रत्येक ठिकाणी विंधन घेऊन, मोजून पाहावे लागते.

मोजून पाहणे, हेच डार्सींच्या आयुष्याचे सूत्र होते. त्यांच्या काळी दिजाँच्या नागरिकांना पाण्याबद्दल आश्वासने पुष्कळ मिळाली होती. उणीव होती ती हिशेबाची. ती डार्सींनी भरून काढली आणि आपला सारा हिशेब जगासमोर उघडा ठेवला. आज भूगर्भात कोट्यवधी टन वायू साठवण्याच्या योजना आखल्या जात आहेत. या वायूचे ओझे पुढच्या असंख्य पिढ्यांच्या पायाखाली राहणार आहे. अशा वेळी खडकाविषयीचे अंदाज पुरेसे नाहीत. प्रत्येक थराची पार्यता, त्याचा विस्तार आणि त्यावरील आच्छादनाची अभेद्यता तपासूनच पाऊल टाकावे लागेल आणि ते आकडे दिजाँच्या त्या ग्रंथातील तक्त्यांप्रमाणे सर्वांना पाहता येतील, असेच असावे लागतील.